मॉरिसच्या बॉनेटखाली फटफटीचं इंजिन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : जुन्या गाड्या

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्या आप्पांची, म्हणजे आजोबांची, १९५१ ची मॉरिस मायनर अमळनेरला घरामागच्या पडवीत कितीतरी वर्षं उभी आहे. लहानपणी याच गाडीत बसवून ते आम्हाला बोरी नदीवर सखाराम महाराजांच्या यात्रेला न्यायचे. आता इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलाय आणि मेकॅनिक म्हणतो हे इंजिन भंगारात घाला. मित्राकडे ॲक्सिडेंटमधली एनफिल्डची ६५० ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची फटफटी आहे, फ्रेम वाकलीय पण इंजिन एकदम चांगलं. ते मॉरिसमध्ये बसेल का, ताकद पुरेल का आणि रिव्हर्सचं काय करायचं? आमचा लेथवाला म्हणतो आणून टाका, करून देतो. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, ताकद पुरते, हे आधी सांगून टाकतो कारण बहुतेकांना तीच शंका असते. तुमच्या मॉरिसचं ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन नवं होतं तेव्हा साधारण २७ अश्वशक्ती द्यायचं आणि ६५० ट्विन ४७ च्या आसपास देतं, म्हणजे कागदावर पावणेदोनपट झालं. पण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, बघा, मॉरिसचा ५३ न्यूटन मीटर आणि ६५० चा ५२, जवळजवळ सारखाच, फरक एवढाच की मॉरिस तो २४०० आरपीएमला (मिनिटाला २४०० फेऱ्यांना) देते आणि फटफटी ५००० च्या वर गेल्यावर. सगळा खेळ या एका फरकात आहे. गाडी पावणेआठशे किलोची, त्यात घरचे चार माणसं बसले की हजाराच्या वर गेली, आणि एवढं वजन जागेवरून हलवायला खालचा टॉर्क लागतो.

आता हिशोब करू. ६५० मध्ये इंजिन ते गिअरबॉक्स फेऱ्या साधारण २ ला १ कमी होतात, पहिला गिअर २.६ च्या आसपास, आणि मॉरिसचं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअर, ४.५५ चं. तिघांचा गुणाकार २४ च्या घरात जातो. सहाव्या गिअरला तोच आकडा ८ येतो. मॉरिसचं टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर जातं, म्हणजे सहाव्यात ७००० आरपीएमला ताशी १०० आणि पहिल्यात ३२-३३. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच बरं वाटलं, कारण जुन्या गाडीचं आखूड डिफरेन्शियल इथे आपल्या बाजूने येतं, नव्या गाडीचं साडेतीनचं असतं तर पहिल्याच चढाला क्लच गेला असता. पण हेही बघा की ताशी ६० ला आप्पांची मॉरिस २४०० वर गुणगुणत जायची आणि ही गाडी ४२०० वर ओरडत जाईल. ज्या आवाजासाठी, ज्या चालीसाठी तुम्ही ही गाडी एवढी वर्षं सांभाळली तो आवाज राहणार नाही, हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझ्या चुलतभावाने शेतातल्या शेडमध्ये एका जुन्या मॉरिस ८ मध्ये सिंगल सिलिंडरचं ३५० इंजिन बसवलं होतं, फक्त शेतात चालवायला. सपाटीवर चालली, आम्ही खूश. पाझर तलावाच्या बांधावर चढवायला गेलो तर अर्ध्या चढावर क्लच प्लेटांचा जळका वास आला आणि इंजिन ओरडून राहिलं अन् गाडी जागच्या जागी. ती प्लेट बदलली, पुढच्या आठवड्यात फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती, पट्टी तडकली, कारण सिंगलचा हादरा फटफटीच्या फ्रेममध्ये माणूस सहन करतो पण पत्र्याच्या गाडीत तो प्रत्येक वेल्डिंगला शोधत फिरतो. त्या गाडीची पुढची पट्टी आम्ही इंजिन बसावं म्हणून कापली होती. ती कापलेली जागा मला आजही डोळ्यासमोर दिसते, कारण नंतर तिचं मूळ इंजिन मिळालं पण ते ठेवायला जागाच उरली नव्हती. तुम्हाला जे सांगतोय ते त्या पट्टीमुळे सांगतोय.

म्हणून पहिलं काम, तडा नेमका कुठे आहे ते बघा. बाहेरच्या पाण्याच्या जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) असेल तर तो ब्लॉक भंगार नाही, कास्टिंगचं स्टिचिंग, म्हणजे तडा पिना ठोकून शिवून देणारे लोक आहेत, आपल्याकडे ट्रॅक्टरचे आणि पंपाचे ब्लॉक असेच वाचवतात. साइड व्हॉल्व्ह इंजिनाला बऱ्याचदा व्हॉल्व्ह सीट आणि बोअरच्या मधे तडा जातो, ते काम अवघड आहे, पण बोअरमध्ये स्लीव्ह (नळी) आणि नवी सीट टाकून तेही होतं. आणि तडा का गेला तेही शोधा. या इंजिनात बहुतेकदा पाण्याचा पंपच नसायचा, गरम पाणी आपोआप वर चढून रेडिएटरमधून फिरायचं, त्यामुळे आपल्याकडच्या ४५ डिग्रीत रेडिएटर थोडा जरी चोंदला तरी उकळी फुटते, आणि मग कोणीतरी घाईने तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओततं. मायनरचे पार्ट इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात आणि मागवता येतात, मेकॅनिक म्हणाला म्हणून लगेच मान हलवू नका.

ब्लॉक खरंच गेला असेल आणि गाडी चालती बघायचीच असेल, तर फटफटीच्या आधी मारुती ओम्नीचं इंजिन बघा. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सीटखाली उभ्या दिशेने बसवलेलं आणि मागची चाकं फिरवणारं, म्हणजे गिअरबॉक्स, रिव्हर्स आणि मागे प्रोपेलर (ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट) जोडायची सोय सगळं एकाच तुकड्यात येतं. वजनाला हलकं, पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, आणि ओम्नीला हात न लावलेला मेकॅनिक खान्देशात सापडणार नाही. गिअरचा दांडा जमवणं आणि रेडिएटरची जागा एवढंच डोकं लावायचं काम आहे.

तरी तुमचं मन फटफटीवरच असेल तर आता नीट वाचा. (मन बसलं की बसलं, मला माहिती आहे.)

इंजिन कोणत्या दिशेला ठेवायचं ते पहिलं. फटफटीत क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आडवा असतो, गाडीत प्रोपेलर मागे जातो. इंजिन असं फिरवायचं की ज्या बाजूला चेनचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) आहे, म्हणजे डावी बाजू, ती गाडीच्या मागे बघेल आणि फटफटीचं तोंड गाडीच्या डावीकडे येईल. असं ठेवलं तर शाफ्ट जुन्या प्रोपेलरच्याच दिशेने फिरतो आणि डिफरेन्शियलला हात लावावा लागत नाही. उलटं ठेवलं तर तुम्हाला एकही पुढचा गिअर नाही आणि सहा रिव्हर्स मिळतील. हसू नका, लोकांनी केलंय, आणि कळतं ते पहिल्यांदा क्लच सोडल्यावर.

स्प्रॉकेटच्या जागी शाफ्ट जोडायला फ्लँज (बोल्टची चकती) बसवायचा, लेथवाला ते काम चांगलं करेल. पण तो एक गोष्ट विसरेल ती तुम्ही लक्षात ठेवा. फटफटीच्या मागच्या हबमध्ये रबरं असतात, गिअर टाकताना बसणारा झटका ती गिळतात. तुम्ही चेन आणि हब काढून थेट लोखंडी शाफ्ट लावला की ती रबरं गेली, आणि प्रत्येक झटका सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर. म्हणून शाफ्टमध्ये एक रबरी कपलिंग, ज्याला डोनट म्हणतात, टाकायचंच. शाफ्ट बॅलन्स करून घ्या आणि दोन्ही क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) कोन सारखे ठेवा, नाहीतर ठरावीक स्पीडला सगळी गाडी थरथरेल आणि तुम्ही इंजिनाला दोष देत बसाल.

रिव्हर्स. ६५० च्या बॉक्समध्ये रिव्हर्स नाही, कुठल्याच साध्या फटफटीत नसतो. बीएमडब्ल्यूने १९५५ ला इसेटा काढली तेव्हा स्वतःच्याच फटफटीचं २४७ सीसीचं इंजिन घेतलं, पण गिअरबॉक्स मात्र रिव्हर्सवाला दिला आणि इंजिनावर हवा मारायला पंखाही बसवला. त्यांच्याकडे फटफटीचा गिअरबॉक्स आयता पडला होता, तरी त्यांनी तो वापरला नाही, यावरून समजा. जर्मनीतल्याच मेसरश्मिट केआर २०० ची तऱ्हा वेगळी, तिचं टू स्ट्रोक इंजिन बंद करून उलटं सुरू करता यायचं, मग चारही गिअर मागे जायचे. तुमचं इंजिन फोर स्ट्रोक आहे, ते जमणार नाही. तुम्हाला प्रोपेलरच्या मधे वेगळा रिव्हर्स बॉक्स टाकावा लागेल. फटफटीच्या इंजिनाला जोडून मालवाहू तीनचाकी बनवतात त्यांचे रिव्हर्सवाले बॉक्स बाजारात मिळतात पण ते दीडशे-दोनशे सीसीच्या हिशोबाचे असतात, ४७ अश्वशक्ती त्यातून पाठवली तर दात झडतील. त्यामुळे बॉक्स घेताना तो किती टॉर्कचा आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि उन्हाळा. ६५० हवेवर आणि ऑईलवर थंड होतं, रस्त्यावर अंगावर वारा घेत चालायला बनवलंय. बॉनेटखाली कोंडलं, त्यात तोंड बाजूला, फिन्सना, म्हणजे सिलिंडरवरच्या पात्यांना, वाराच लागणार नाही. एप्रिल-मे मध्ये सावद्याला किंवा रावेरला केळीच्या गाड्यांच्या मागे रांगेत दहा मिनिटं उभे राहिलात तर काय होईल ते तुम्हीच बघा. पत्र्याची नळी करून थेट सिलिंडरवर हवा मारणारा इलेक्ट्रिक पंखा आणि ग्रिलच्या मागे मोठा ऑईल कूलर, दोन्ही पाहिजेत, एकाने भागणार नाही. ऑईलचं अजून एक आहे. फटफटी वळणावर झुकते म्हणून ऑईल तळालाच राहतं, गाडी झुकत नाही म्हणून ऑईल बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. तुमचं इंजिन ९० अंशात फिरवलेलं असल्यामुळे वळणाचा धक्का त्याला ब्रेकसारखा किंवा पिकअपसारखा लागेल, ते त्याच्या सवयीचं आहे, म्हणून हा त्रास कमी होईल. तरी संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलच्या भांड्यात, आडव्या पट्ट्या टाकून घ्या.

वायरिंग मित्राच्या फटफटीची अख्खी घ्या, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), किल्ली, टाकीतला पेट्रोल पंप, सगळं, एकही वायर कापू न देता. स्टँडचा स्विच आणि गाडी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर त्यात असतो, तो सेन्सर फटफटीत होता तसाच सरळ उभा बसवा, इंजिन फिरवलं म्हणून तो फिरवायचा नाही. मॉरिसमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि फटफटीत निगेटिव्ह, हे विसरून बॅटरी जोडली तर ईसीयू एका सेकंदात जातो आणि तो सगळ्यात महाग पार्ट आहे.

शेवटचं, आणि यात मी तडजोड करत नाही. गाडीचा एक इंचही पत्रा कापायचा नाही. मूळ इंजिन ज्या भोकांवर बसलं होतं त्याच भोकांवर बोल्टने बसेल अशी वेगळी पाळणाफ्रेम करा, नवं इंजिन त्या फ्रेमवर. मूळ इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो, रेडिएटर ग्रीस मारून, पोत्यात बांधून, वर नाव लिहून ठेवा. उद्या तुमच्या मुलाला ब्लॉक मिळाला तर एका दिवसात आप्पांची गाडी परत व्हायला पाहिजे. ज्या कामात हे होत नसेल ते काम करू नका.

प्रश्न : आम्ही धुळ्याला इंजिनिअरिंगला आहोत, फॉर्म्युला स्टुडंटसाठी, म्हणजे कॉलेजांच्या रेसकार स्पर्धेसाठी, गाडी बनवतोय, केटीएम ३९० चं इंजिन मागे आडवं बसवलंय. दोनदा चेन तुटली आणि लांब वळणावर ऑईलचा लाल दिवा लागतो. – विद्यार्थ्यांचा एक ग्रुप, धुळे

उत्तर : पोरांनो, चेन नका बदलू, फ्रेम बघा. पिकअप मारल्यावर चेन इंजिन आणि डिफरेन्शियल एकमेकांकडे ओढते, दोन्हीचे ब्रॅकेट थोडे जरी वाकले तरी लाईन हलते, आणि उभ्या गाडीत मोजाल तर सगळं सरळच दिसेल. दोघांना जोडणारी एक ताठ पट्टी टाका आणि कोणीतरी ब्रेकवर गाडी धरून क्लच हलका सोडताना बाजूने मोबाईलवर स्लो मोशन काढा, दिसेल कोण हलतंय. बाजूला उभं राहताना चेनच्या रेषेत नको, आणि गार्ड लावल्याशिवाय तर अजिबात नको.

ऑईलचं उत्तर वरच्या पत्रात अर्धं आलंय. तुमचं इंजिन आडवं, म्हणजे फटफटीसारखंच आहे, त्यामुळे वळणाचा धक्का त्याला बाजूने लागतो, आणि बाजूचा धक्का त्याला जन्मात माहिती नाही. संपमध्ये झडपा असलेली बॅफल प्लेट करा, ऑईल पंपाच्या तोंडाकडे येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी. लाल दिवा लागला की इंजिन बंद, ‘एक लॅप होऊन जाऊ द्या’ असं करू नका, बेअरिंग त्या एका लॅपमध्येच जातं.

तुम्ही जे करताय त्याचा वंश मोठा आहे हे माहिती असू द्या. १९४६ मध्ये इंग्लंडला चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी दोन फियाट टोपोलिनोचे पुढचे भाग पुढे-मागे जोडले, ड्रायव्हरच्या पाठीमागे जेएपी कंपनीचं ५०० सीसीचं फटफटीचं इंजिन ठेवलं आणि चेनने मागची चाकं फिरवली. इंजिन मागे ठेवण्याचं कारण साधंच होतं, चेन आखूड राहते. रेसर स्टर्लिंग मॉस १९४८ ला अशाच कूपरमध्ये शर्यतीत उतरला, आणि पुढे १९५९ ला जॅक ब्रॅबहॅम कूपरच्याच मागे इंजिन असलेल्या गाडीत फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. तुमच्याकडे आज ७१० सीसीची मर्यादा आणि इंजिनाची हवा अडवणारा २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर आहे, त्यांच्याकडे युद्धानंतरचं भंगार होतं.

प्रश्न : वडिलांची पद्मिनी कार आहे, ॲव्हरेज १२-१३ देते. १५० सीसी बाईकचं इंजिन टाकलं तर ४० देईल का? – एक वाचक, शहादा

उत्तर : नाही देणार. बाईक ४०-५० देते ती दीडशे किलोच्या आत असते म्हणून, इंजिनात जादू असते म्हणून नाही. पद्मिनीला १०८९ सीसी आणि साधारण ४० अश्वशक्ती कंपनीने विचार करूनच दिली होती. १५० चं इंजिन तिच्यात रात्रंदिवस फुल थ्रॉटलला राहील, पेट्रोलही पिईल आणि तोरणमाळचा घाट तर सोडाच, प्रकाशा गावच्या पुलाचा चढही तिला नकोसा होईल. कार्ब्युरेटर नीट करा, टायमिंग बघा, ब्रेक शू घासतायत का ते बघा, चाकं हाताने फिरवून पाहा. १५ पर्यंत येईल, आणि तेवढं त्या गाडीला शोभतं.

प्रश्न : इंजिन बदललं तर आरटीओत नोंद होते का? आमच्या गाडीला पासिंग करून देतो म्हणणारा एक एजंट भेटलाय. – एक वाचक, जळगाव

उत्तर : एजंटला नाही म्हणा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जी गाडी बनवली आणि आरसीवर जी नोंदली तिच्यात मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे अजून स्पष्ट केलंय. खराब इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन टाकणं वेगळं, त्याला आधी परवानगी घेऊन आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. फटफटीचं इंजिन कारमध्ये त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा बॉनेट उघडून बघेल. समोरच्या माणसाला लागलं असेल तर ती भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते.

अमळनेरच्या भाऊंनीही हे वाचावं, कारण त्यांच्या गाडीला यात एक जास्तीचा मुद्दा आहे. जुलै २०२१ पासून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढे रिन्यूअलला ५,०००. नव्या नोंदणीला नंबरात व्हीए येतं, आधीपासून नोंद असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नको. म्हणजे मॉरिसमध्ये ६५० असेल, किंवा मी वर सांगितलेलं ओम्नीचं इंजिन असेल, तोपर्यंत हा दरवाजा बंद, आणि रस्त्यावरही नाही, फक्त स्वतःच्या शेतात नाहीतर बंद मैदानावर. मूळ इंजिन परत बसवलं की दरवाजा उघडतो, म्हणूनच ते पोत्यात बांधून ठेवायला सांगितलं.

आरसी बुक हरवलं असेल तर इंजिन उतरवायच्या आधी चेसी नंबर आणि इंजिन नंबरचे पेन्सिलने कागदावर छाप काढून ठेवा आणि दोन्ही पाट्यांचे फोटो घ्या. मॉरिसची पाटी बॉनेटखालीच असते, तिच्यावरचा रंग ब्रशने आणि थिनरने काढा, सँडपेपर लावू नका, आकडे पुसट होतात.